दाराआडचा नाच

पत्र असं आहे:

"माझी धाकटी बहीण २२ वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. चालायला लागली तीही दोन वर्षांची झाल्यावर. घरात आम्ही सगळे खुणांची भाषा शिकलो आणि छान चाललं होतं. बाराव्या वर्षापासून ती अंधारात धडपडायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी अशर सिंड्रोम, म्हणजे ऐकू न येण्यासोबत हळूहळू दृष्टीही कमी होत जाणारा आनुवंशिक आजार, असल्याचं सांगितलं. आता तिला नळीतून पाहावं तसं समोरचं थोडंसं दिसतं आणि उजेड कमी झाला की तेही नाही. हल्ली आम्ही तिच्या हातात हात देऊन खुणा करतो.

रोज संध्याकाळी ती खोलीचं दार लावून घेते आणि नाचते. अनवाणी. जमिनीच्या धपधप आवाजावरून आम्हाला कळतं. आई म्हणते, पडली तर काय करायचं? मी तिला एका नृत्यवर्गात नेलं. शिक्षिका म्हणाल्या, येऊ दे, कार्यक्रमात तिला मागच्या रांगेत उभी करू आणि शेजारची मुलगी तिला हलवेल. ती दोन दिवस गेली, तिसऱ्या दिवशी 'नको' म्हणाली. खरं सांगायचं तर मलाही कळत नाही की जिला गाणं ऐकू येत नाही आणि स्वतःला आरशात धड पाहता येत नाही, तिच्यासाठी नाच म्हणजे काय असतो. मी तिला खोटी आशा लावते आहे का? यात पुढे जायचं तर कसं? आणि एक छोटा प्रश्न. ती नाचत असते तेव्हा मी दाराबाहेर उभी असते. आत जाऊ का?

तिची ताई"

प्रिय ताई,

आधी त्या तिसऱ्या दिवशीच्या 'नको'विषयी बोलू. तिनं वर्गाला नको म्हटलं, पण संध्याकाळचं दार लावून घेणं काही थांबलेलं नाही. तुम्हीच लिहिता, रोज नाचते. मग तिला नकोसा झाला तो नाच नव्हे. दुसऱ्यानं आपलं अंग हलवावं, हे तिला सहन झालं नाही.

अंधबधिर मुलांबरोबर आणि मोठ्या माणसांबरोबर हालचालींचं काम करायला लागून मला वीस वर्षं झाली. पहिल्याच वर्षी मी हीच चूक केली होती. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. दोन्ही हात डोक्यावर न्यायचे आणि सावकाश खाली आणायचे, एवढंच शिकवायचं होतं. मी तिच्या मागे उभी राहिले, तिची मनगटं धरली आणि हात वर नेले. तिनं खांदे आवळले. मला वाटलं, अंग आखडलेलं आहे, सरावानं मोकळं होईल. आठवडाभर मी तेच करत राहिले. मग एके दिवशी वर्गात आल्या आल्या तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले, बोटांत बोटं अडकवली आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. त्यानंतर जवळजवळ महिनाभर तिनं मला हात दिले नाहीत. जिला दिसत नाही आणि ऐकू येत नाही, तिचे हात हेच तिचे डोळे, कान आणि जीभ. मनगट पकडलं की तिन्ही एकदम बंद होतात. 'सोड' म्हणायचं तरी तिनं कशानं?

नंतर एका जुन्या जाणत्या बाईंकडून मी हाताखाली हात ही रीत शिकले. आपला हात खाली, तिचा तळवा आपल्या हाताच्या पाठीवर, अलगद. आपला हात वर जातो तसा तिचा हात स्वखुशीनं त्यावरून प्रवास करतो. तिला नको वाटलं तर ती तो केव्हाही उचलून घेऊ शकते. बाहेरून पाहणाऱ्याला फरक एवढासा दिसेल, वरचा हात खाली आला इतकाच. पण त्यात सगळं बदलतं. त्या मुलीनं महिन्यानंतर पहिल्यांदा माझ्या हातावर हात ठेवला तो दोन बोटांचाच. आम्ही दोघी खांद्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही त्या दिवशी. तरी नाच तिथे सुरू झाला, असं मी आजही मानते.

आता तुमचा मोठा प्रश्न. ऐकू येत नाही, पाहता येत नाही, मग नाच म्हणजे काय?

डोळे मिटा आणि उजवा हात बाजूला पसरा. हात कुठे आहे हे तुम्हाला न बघता कळतं. स्नायू आणि सांध्यांमधून मेंदूला सतत खबर जात असते, तिच्यावर हे कळणं चालतं. नाचणाऱ्या कुणालाही नाच पहिल्यांदा कळतो तो या आतल्या जाणिवेतून. आरसा नंतर येतो, आणि आरसा दाखवतो ते बाहेरच्याला काय दिसेल ते. वळताना पोटात पडणारा पीळ, उडी मारून खाली येताना गुडघ्यांनी झेललेला भार, हात लांबवताना बरगड्यांमधली ओढ, यातलं काहीही तुमच्या बहिणीकडून हिरावलं गेलेलं नाही.

आणि सूर नसला तरी कंप आहे. त्वचेच्या खोल थरात कांद्यासारख्या पापुद्र्यांचे सूक्ष्म ग्राहक असतात. ते हातांत असतात तसे तळपायांतही असतात. सेकंदाला साधारण २०० ते ३०० कंपनं त्यांना सगळ्यात चांगली जाणवतात, हजाराच्या वर गेली की जवळजवळ काहीच नाही. म्हणून ढोलाचा ठेका अंगात शिरतो आणि व्हायोलिनचा वरचा सूर शिरत नाही. १९२४ च्या फेब्रुवारीत अंधबधिर लेखिका हेलन केलर यांनी बीथोवनची नववी सिंफनी रेडिओवर 'ऐकली' ती बोटांनी. रेडिओच्या ध्वनिग्राहकाचं झाकण काढून त्यातल्या थरथरत्या पडद्यावर त्यांनी हात ठेवला होता. वाद्यवृंद, मग गाणाऱ्यांचे आवाज असा फरक त्यांना त्या थरथरीत सापडत गेला आणि दुसऱ्याच दिवशी वाद्यवृंदाला पत्र लिहून त्यांनी तो आनंद कळवला.

तुमची बहीण अनवाणी नाचते, ते म्हणूनच बरोबर आहे. तिला कुणी शिकवलेलं नसताना तिनं ते शोधून काढलं. मात्र ती कशावर नाचते ते बघा. काँक्रीटवर बसवलेली फरशी कंप गिळून टाकते. खाली पोकळी असलेली लाकडी जमीन तो पोचवते. घरात लाकडी जमीन नसेल तर जाड प्लायवुडचा मोठा तुकडा खाली पट्ट्या ठोकून थोडा उचलून घ्या, कडा गुळगुळीत करा आणि स्पीकर त्या फळीवरच ठेवा, खर्ज वाढवून. हातात फुगवलेला फुगा धरला तर तोही थरथरतो, आणि छातीशी धरला तर आणखी चांगला कळतो. पहिल्यांदा फुगा धरणाऱ्याचा चेहरा मी बरेचदा पाहिला आहे. ते क्षणभर नाचायचं थांबतात.

पण संगीत हवंच, असंही धरून बसू नका. ती दाराआड नाचते तेव्हा खोलीत गाणं लागलेलं असतं की नसतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर ती स्वतःच्या श्वासावर नाचत असेल, किंवा पायांनी जमिनीला विचारलेल्या ठेक्यावर. तोही पुरेसा ताल आहे.

इथे एका मुलाची गोष्ट सांगते. नऊ वर्षांचा, जन्मापासून अंधबधिर, भाषा जवळजवळ नाहीच. तो तासन्‌तास बसल्या जागी पुढे-मागे डोलायचा. आम्ही सगळे त्याला थांबवायला बघायचो. नेदरलँड्समधल्या यान वान डाइक यांनी १९६० च्या दशकात अशा मुलांसाठी हालचालींवर उभी केलेली एक पद्धत आहे. गर्भारपणात आईला रुबेला झाल्यामुळे अंधबधिर जन्मलेली पुष्कळ मुलं त्या काळात त्यांच्या समोर होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मूल जी हालचाल करतंय तिथेच जा, ती त्याच्याबरोबर करा, आणि मग थांबून बघा. मी त्या मुलाच्या मागे बसले, त्याची पाठ माझ्या पोटाशी येईल अशी, आणि त्याच्याच गतीनं डोलू लागले. पाच-सात मिनिटं गेली. मग मी थांबले. तोही थांबला. बराच वेळ काही झालं नाही. नंतर त्यानं हात मागे आणून माझा गुडघा चाचपला आणि त्यावर दोनदा थापटलं. पुन्हा.

त्यानं त्याआधी कुणाला काही मागितलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. डोलणं त्याचं रोजचंच होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते कुणीतरी घेतलं, म्हणून ते बोलणं झालं. (प्रत्येक डोलणं म्हणजे नाच असतो, असं मला म्हणायचं नाही. कधी कान दुखत असतो, कधी कंटाळा असतो, आणि तेही ओळखावं लागतं.)

ताई, मला जे सांगायचं आहे ते हेच आहे. तिच्याकडे अभिव्यक्ती आहे, रोज संध्याकाळी ती तुमच्या घराची जमीन हलवते आहे. घरात कमी आहे ती घेणाऱ्याची. ती नाचते ते आपण डोळ्यांनी बघतो आणि आपण बघितलं हे तिला कळतच नाही. तुम्ही हसलात, मान डोलावली, डोळे पुसले, यातलं तिच्यापर्यंत काय पोचतं? तेव्हा तिला पुढे न्यायचं तर शिकायचं आहे तुम्हाला, हातांनी नाच घ्यायला आणि हातांनीच दाद द्यायला.

याला एक चांगला दाखला आहे. २००७ च्या सुमारास अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरात जेलिका नुचियो आणि एजे ग्रांडा या दोन अंधबधिर व्यक्तींच्या पुढाकारानं 'प्रोटॅक्टाइल' नावाची रीत उभी राहिली. खुणांची भाषा हवेत केली जाते. दृष्टी गेली की हवेतलं कळत नाही, म्हणून मग ती दुभाष्याच्या हातावर हात ठेवून वाचायची. या मंडळींनी म्हटलं, मुळात हवेत कशाला, भाषा अंगावरच आणूया. समोरच्याच्या मांडीवर, दंडावर, तळहातावर. ऐकणाऱ्यानं नुसतं ऐकत बसायचं नाही, त्याचा हात बोलणाऱ्याच्या मांडीवर असतो आणि तो थापटून 'हो, हो' म्हणत राहतो, हसू आलं की बोटं वळवळवून सांगतो. बोलणाऱ्याला बोलता बोलताच कळतं की समोरच्याला पटतंय की नाही. फिनलंडमध्ये रीटा लाहतिनेन यांनीही १९९० च्या दशकापासून अशाच स्पर्शखुणांवर काम केलं आहे. खोलीत कोण कुठे बसलंय, कोण हसतंय, कोण उठून गेलं, हे पाठीवर किंवा दंडावर रेखून सांगता येतं.

नाचाचंही असंच अंगावर आणता येतं. हेबन गिर्मा या हार्वर्डच्या विधी महाविद्यालयातून २०१३ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या अंधबधिर पदवीधर. त्या साल्सा नाचतात. साल्सात जोडीदाराचा हात, खांदा आणि पाठ यांतूनच पुढचं पाऊल कळतं. ठेकाही तिथूनच येतो, कारण ज्याला तो ऐकू येतो त्याच्या अंगात तो असतोच. हेलन केलर मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यशाळेत गेल्या होत्या, तिथल्या नर्तकांमध्ये उभ्या असलेल्या केलर १९५४ च्या एका माहितीपटात दिसतात. मर्स कनिंगहॅम या तरुण नर्तकाच्या कमरेवर दोन्ही हात ठेवून त्यांनी त्याच्या उड्या घेतल्या. तो वर गेला की त्यांचे हात वर, तो खाली आला की खाली. आजही कुणाला उडी म्हणजे काय हे सांगायचं असेल तर माझ्याकडे याहून चांगला मार्ग नाही. १९७२ मध्ये स्टीव्ह पॅक्स्टन यांनी सुरू केलेला 'कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन' हा प्रकारही पाहा. दोन अंगं जिथे टेकतात तो बिंदू कुठे सरकतो, वजन कुणाकडून कुणाकडे जातं, यावरच सगळा नाच. पाठीला पाठ लावूनही सुरुवात करता येते. पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांसाठीच हा निघाला, पण मी माझ्या वर्गात सर्वांत आधी हाच घेते.

आता आईंची भीती. ती खरी आहे आणि तिला कारण आहे. बहीण दोन वर्षांची झाल्यावर चालली असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून मला वाटतं तिचा अशर पहिल्या प्रकारचा असावा. हे मात्र डॉक्टरांनाच विचारा. पहिल्या प्रकारात आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणाही जन्मापासून नीट काम करत नाही, म्हणून मुलं दीड वर्षानंतर चालतात. अशी माणसं तोल धरतात डोळ्यांच्या आणि पायांच्या भरवशावर. त्यातले डोळे कमी होत गेले की सगळा भार पायांवर येतो. म्हणूनच संध्याकाळनंतर ती जास्त धडपडते, आणि नेमकी त्याच वेळी ती नाचते.

एक विलक्षण गोष्ट सांगते. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञानं १८८२ मध्ये शेकडो बधिर व्यक्तींची गरगर फिरण्याविषयी पाहणी केली. त्यातल्या अनेकांना चक्कर येतच नव्हती. तोलाची यंत्रणा काम करत नसेल तर डोकं गरगरत नाही. माझ्या वर्गातली काही मुलं भिंगरीसारखी फिरतात आणि थांबल्यावर हसत उभी राहतात. तुमच्या बहिणीलाही फिरायला आवडत असेल. चक्कर कदाचित येणार नाही, पण थांबल्यावर आपलं तोंड कुठे आहे हे कळणार नाही आणि अंधारात झोक जाईल. म्हणून फिरताना तिला एक खूण लागते. भिंतीला बांधलेली जाड दोरी हाताला लागेल अशी, किंवा जमिनीवर वेगळ्या पोताची पट्टी. मी चटईची दोन हात रुंद कड चारी बाजूंनी लावते. पायाला चटई लागली की पुढे भिंत आहे, हे दोन दिवसांत अंगात मुरतं. टेबलांचे कोपरे, उघडी कपाटं खोलीतून हलवा आणि एकदा ठरवलेली मांडणी तिला न सांगता बदलू नका. दिवा भरपूर, पण डोळ्यांवर येणारा नको. उजेडातून अंधारात आणि उलट जायला तिच्या डोळ्यांना फार वेळ लागतो.

तोलाची तपासणी करून घ्या आणि तोलासाठी व्यायाम देणारे फिजिओथेरपिस्ट भेटले तर जरूर भेटा. तरीही कधीतरी पडेल. पडायलाही शिकता येतं, गुडघे वाकवून, बाजूवर लोळत. नाच जमिनीवर बसून, लोळूनही होतो आणि तिथून वर उठणं हा एक सुंदर भाग असतो. आईंना एकदा खोलीत घेऊन या आणि बहिणीला सांगा, पडून दाखव. मुलगी आपणहून जमिनीवर गेली आणि उठली, हे आईनं एकदा बघितलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

शिक्षिकेला मी पूर्ण दोष देणार नाही. त्यांनी दार उघडलं, पुष्कळ जण तेही करत नाहीत. पण शेजारच्या मुलीनं हलवायचं, हे मान्य करू नका. त्यांची तयारी असेल तर त्यांना हे सांगा: पाऊल शिकवायचं तर आधी स्वतःचं अंग द्या. शिक्षिकेनं करावं आणि बहिणीनं त्यांच्या कमरेवर, गुडघ्यावर, पोटरीवर हात ठेवून ते वाचावं. कुठे हात ठेवलेला चालेल हे दोघींनी आधी ठरवावं, शिक्षिकेलाही संकोच असू शकतो आणि त्यात गैर काही नाही. चित्रकार वापरतात तसली सांधे हलणारी लाकडी बाहुली मिळाली तर एखादी मुद्रा तिच्यावर दाखवता येते. तिच्या अंगाला हात लावून दुरुस्ती करायची ती तिनं मागितली तरच.

जोडीनं नाचायचं असेल तर तीन खुणा पहिल्या दिवशी पक्क्या करा. 'थांब', 'हे नको', आणि 'मी जाते आहे'. ती २२ वर्षांची तरुण मुलगी आहे. स्पर्शातून नाचणं याचा अर्थ कुणीही कसाही हात लावावा असा होत नाही, आणि हे तिला, तुम्हाला आणि वर्गातल्या प्रत्येकाला स्पष्टपणे सांगितलेलं असलं पाहिजे. आणखी एक, जे न शिकलेली माणसं नेहमी विसरतात. नाच संपला म्हणून तिला खोलीच्या मधोमध सोडून जायचं नाही. हाताला भिंत, खुर्ची किंवा दुसरं माणूस लागेपर्यंत तिच्यासोबत राहायचं. आजूबाजूला काहीच नसताना, कुणी येईल की नाही हे माहीत नसताना उभं राहणं फार वाईट असतं. मी डोळ्यांवर पट्टी आणि कानांत बोळे घालून ते करून पाहिलं. अर्ध्या मिनिटात मी खाली बसले. तिची अवस्था त्यावरून कळते असं मी म्हणणार नाही, तिला या जगात वावरायची सवय आहे, मला नव्हती. पण त्यानंतर मी कुणाला तसं सोडलेलं नाही.

राहिला रंगमंच. मागच्या रांगेत तिला उभं करू नका. तिथे ती सजावट होते, आणि लोक तिच्याकडे बघून हळहळतात किंवा 'किती प्रेरणादायी' म्हणत टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या नाचाला नसतात. रंगमंचावर जायचं की नाही हे तिलाच ठरवू द्या. तुमच्या पत्रात आईचं मत आहे, शिक्षिकेचं आहे, तुमचं आहे. तिचं एकच आहे, 'नको', आणि तेही वर्गाबद्दल. कदाचित तिला कुणालाच दाखवायचं नसेल. सगळ्याच अंधबधिरांना नाच आवडतो असंही नाही, आणि ज्यांना आवडतो त्या सगळ्यांना प्रेक्षक हवे असतात असंही नाही. एकटीनं नाचणं हे काही दाखवण्याची पहिली पायरी असलंच पाहिजे असं नाही.

तिला दाखवायचं असेल, तर आधी चार-पाच जवळच्या माणसांना बोलवा. त्यांनी खुर्च्या लावून समोर बसू नये. लाकडी फळीवर तिच्याभोवती बसावं, तळवे फळीवर टेकून. तिला चालत असेल तर एकेकानं तिच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ तिच्याबरोबर फिरावं. संपल्यावर सगळ्यांनी मिळून तळव्यांनी फळी बडवावी. हात हवेत हलवून दिलेली बधिरांची दाद तिला दिसणार नाही, टाळी ऐकू येणार नाही, फळीतून आलेली दाद मात्र सरळ तळपायात जाते. मोठ्या कार्यक्रमातही हे करता येतं: मंच लाकडी असेल तर विंगेतल्यांनी पाय आपटायचे, आणि एकानं तिच्याजवळ जाऊन पाठीवर रेखायचं की पहिल्या रांगेतले उभे राहिले, कोपऱ्यातलं कुणी रडतंय, एक लहान मूल तिची नक्कल करतंय. जे घडलं तेच सांगायचं. कुणी उठून गेलं असेल तर तेही.

खोटी आशा म्हणाल, तर मला पत्रात आशा अशी दिसलीच नाही. ती नर्तिका म्हणून नाव काढील, असं तुम्हीही लिहिलेलं नाही आणि तिनं तसं मागितल्याचंही कुठे नाही. ती आज नाचते आहे. पुढे दृष्टी आणखी कमी होईल, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. जे हात, पाय आणि पाठ यांनी करता येतं ते तेव्हाही राहील. म्हणून आत्ता, थोडं दिसतंय तोवरच, स्पर्शाच्या खुणा तुम्ही दोघींनी मिळून पक्क्या करून ठेवा.

आणि शेवटचा, छोटा म्हणून विचारलेला प्रश्न. आत जाऊ का?

दुपारी केव्हातरी, ती निवांत असताना, तिच्या हातात विचारा. संध्याकाळी मी आले तर चालेल का? तिनं हो म्हटलं तर येण्याची खूण ठरवा. उंबऱ्याशी पाय तीनदा आपटायचा, कंप तिच्यापर्यंत पोचतो का ते आधी दोघींनी करून बघायचं. पोचत नसेल तर फळीची एक कड दारापर्यंत आणायची. मग बाजूनं जायचं, मागून कधीच नाही. दंडावर हात सपाट ठेवायचा, बोटांच्या टोकांनी टोचायचं नाही, आणि तुमची नावाची खूण, म्हणजे खुणांच्या भाषेतलं तुमचं नाव, द्यायची. मग हात खाली घेऊन, तळवा वर करून, वाट बघायची. ती नाचत असेल तर लगेच थांबणार नाही. तिनं हात दिला तर तिच्याबरोबर हला, ती नेईल तिकडे, तुम्हाला एकही पाऊल येत नसलं तरी. थांबवू नका, दुरुस्त करू नका, आणि मधूनमधून दंडावर थापटून सांगत राहा की मी आहे, कळतंय.

तिनं हात दिला नाही तर बाहेर या आणि दार लावून घ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.